अंगठ्याचा आवाज

नयनआत्या चहा गाळत होती आणि तिचा उजवा अंगठा तापलेल्या पातेल्याच्या काठावर टेकला होता. बँकॉकच्या कुठल्याशा हॉटेलातला किस्सा सांगत ती स्वतःच हसत होती, आणि अंगठा तिथेच. मी पातेलं हिसकावलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. फोड उठायला लागला होता.

"लागलं नाई तुले?"

"लागलं ना," ती म्हणाली. पण उशिरा म्हणाली.

नयनआत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण आणि टेनपिन बोलिंगची देशातली चॅम्पियन. दिग्रसमध्ये हे समजावून सांगणं म्हणजे डोक्याला ताप आहे. शेजारचे सदाशिवराव तिला अजूनही विचारतात, "यंदा किती विकेटा काढल्या वं?" लांब गुळगुळीत लाकडी पट्टी, टोकाला दहा पिना, आणि तीन भोकांत अंगठा आणि दोन बोटं घालून धरलेला जड चेंडू घरंगळत सोडून त्या पाडायच्या, एवढाच खेळ. आत्या आधी नागपूरच्या मॉलमध्ये खेळणाऱ्यांना भाड्याचे बूट द्यायची. गिऱ्हाईक नसलं की स्वतः टाकून बघायची. तिथून बंगळूर, बँकॉक, दोहा. सगळीकडे जिंकली. हैदराबादचा करंडक तेवढा राहिला होता. तिथे दर वेळी फायनलला जायची आणि हरून यायची.

त्या दुपारी तिने मला खरं सांगितलं. भोकाची कड वर्षानुवर्षं घासून अंगठ्याची नस चेपली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता थांबा, नाहीतर अंगठा कायमचा जाईल.

"मंग थांब ना."

"थांबीन. हैदराबाद झालं का."

मग तिने मला तो आवाज समजावला. चेंडू सोडताना अंगठा आधी सुटायला हवा, बोटं मागून. नीट सुटला की 'टप्प' असा बारीक आवाज होतो. अंगठा सुजून अडकला तर आवाज होत नाही, आणि सगळं ओझं त्या नसेवर येतं. एकदा अडकला की पुढचा चेंडू नस तोडूनच जायचा.

"पयले मले कळे. आता काहीच कळत नाई. तुले ऐकू येते. तू म्हटलं नाई आला, तर मी तिथंच थांबीन. तुही शपथ."

मी दहावीत आहे. यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, असं मीच शाळाभर सांगत फिरत होते. त्यामुळे ताठ मानेने हो म्हणून बसले.

सराव आम्ही बाबांचे मित्र इम्तियाजचाचा यांच्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात केला. हंगामाचा मुहूर्त व्हायचा होता, फरशी मोकळी होती, आणि टोकाला गेल्या वर्षीच्या रुईचा ढीग. चेंडू रुईत शिरला की चूप. त्यामुळे टप्प तेवढं ऐकू यायचं. मी डोळे मिटून बसायची. टप्प, हात वर. टप्प, हात वर.

"नयन, तुले प्रेसवरच लावतो आता, रुईच्या गाठी बांधाले," चाचा दारातून म्हणाले.

"पगार परवडन का चाचा?" आत्या म्हणाली आणि तिने पुढचा सोडला. टप्प आलं नाही. मी डोळे उघडले. तिचा अंगठा वाकडा झाला होता, आणि ती चाचांकडे बघून अजून हसतच होती. त्या हसण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी कुठल्या रडण्याची वाटली नसती. मी "नाई आला" म्हटलं, आणि सूज उतरेपर्यंत सराव बंद राहिला.

घरी सगळ्यांना वाटलं, आपली समीक्षा आत्यासोबत दिवाळीच्या सुट्टीत चारमिनार पाहायला चालली.

हैदराबादच्या हॉलमध्ये शिरले आणि दारातच थांबले. गाणी, पिनांचा खडखडाट, शिट्ट्या. यात मला टप्प कुठून ऐकू येणार? मी कठड्याला चिकटून बसले, आत्याच्या अगदी पाठीशी. फायनलला गाणी बंद झाली तेव्हा जिवात जीव आला. प्रत्येक चेंडूनंतर ती मागे वळून बघायची, मी हात वर करायची. लोकांना वाटत असेल, काय लाडाची भाची आहे.

शेवटच्या फेरीत तिच्या वाट्याला तीन चेंडू होते. पहिला, टप्प. दहाच्या दहा पिना. हात वर. दुसरा, पुन्हा दहाच्या दहा. हॉल उभा राहिला. आता शेवटच्या चेंडूत आठ पिना पाडल्या की करंडक तिचा. आठ तर ती बोलता बोलता पाडते.

पण टप्प आलं नव्हतं.

टाळ्यांत बुडालं असेल, मी स्वतःला म्हटलं. पण टाळ्या नंतर वाजल्या. चेंडू सुटला तेव्हा हॉल चिडीचूप होता. आत्या वळली. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं, बुडाशी रक्त होतं, आणि तिला पत्ताच नव्हता. ती हसत होती.

"आला का?"

हात वर करायला काय लागतं? मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"नाई आला."

ती कठड्यापाशी आली. "गर्दीचा कल्ला होता, समे. नीट आठव."

"गर्दी मंग ओरडली. आधी नाई आला."

"एकच चेंडू हाय वं."

"माहीत हाय मले." ही आता आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "नाई आला म्हणजे नाई आला, आत्या."

पंचांनी तिचं नाव पुकारलं. तिने अंगठा डोळ्यांसमोर धरला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघितला. मग चेंडू फडक्याने पुसला, पिशवीत ठेवला आणि पंचांपाशी जाऊन काहीतरी बोलली. फलकावर शून्य आलं. समोरची पोरगी तोंडावर हात धरून उभी राहिली, आपण जिंकलो हे तिला कळेचना.

आत्या माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बर्फ मांग कोणाले तरी."

मी सरबताच्या काउंटरकडे पळाले. ग्लासात बर्फ घेऊन वळले तेव्हा तिचं डोकं खाली होतं. डाव्या हाताच्या नखांनी ती अंगठ्याला चिमटा काढत होती, थांबत होती, आणि पुन्हा काढत होती.