मुठीएवढं काळीज

तिसऱ्यांदा साबण घेऊन तो कोपरापर्यंत हात चोळू लागला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या सासूबाईंना राहवलं नाही.

"अहो, पुरे. कातडं निघेल आता."

त्याने नळ बंद केला. सिस्टरने दिलेला हिरवा झगा अंगात चढवताना त्याच्या हाताला बाही सापडेना. एरवी हाच हात माणसांनी खच्चून भरलेली बस अरुंद गल्लीतून ओरखडासुद्धा न पडू देता बाहेर काढायचा. सासूबाईंनी मुकाट्याने बाही धरून दिली. त्यांचा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला होता. पण एकुलत्या एक लेकीने बसचा ड्रायव्हर का निवडला, हे गणित त्यांना अजून सुटलं नव्हतं. जावयाशी त्या बोलत त्या कामापुरत्याच.

पोर जन्मली तेव्हा सगळं आलबेल होतं. दुसऱ्या दिवशी दूध पिता पिता तिला धाप लागली, ओठ जांभळे पडले, आणि संध्याकाळच्या आत तिला या मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं. बायकोचे टाके चिघळले, ताप चढला, म्हणून ती आधीच्या दवाखान्यातच अडकली. बाळापाशी उरली ही दोघं.

सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या एकमेकींच्या जागी उगवल्या होत्या. शुद्ध रक्त फिरून फिरून फुप्फुसांकडेच जात होतं, अंगाला मिळतच नव्हतं.

"मग आतापर्यंत जगली कशी?" सासूबाईंनी विचारलं.

"पोटात असताना प्रत्येक बाळाच्या हृदयाजवळ एक आडवाट उघडी असते. जन्मल्यावर ती आपोआप मिटते. हिची मिटत आली होती. आम्ही औषध देऊन ती उघडी धरली आहे."

"डायव्हर्शन," तो पुटपुटला.

"अगदी बरोबर," सर्जनबाई हसल्या. "आता मूळ रस्ता दुरुस्त करायचा."

तो दुरुस्त व्हायला अख्खा दिवस गेला. बाहेर आल्यावर सर्जनबाईंनी आधी टोपी काढली, भिंतीला पाठ टेकली आणि मगच बोलल्या. जोडणी उत्तम झाली होती. मात्र हृदय सुजलं होतं. छाती लगेच शिवली तर त्याच्यावर दाब आला असता. म्हणून दोन-तीन दिवस ती उघडीच राहणार होती, वर फक्त एक पारदर्शक पापुद्रा.

"बघवणार नसेल तर सांगा. आम्ही झाकून ठेवू."

"झाका," तो म्हणाला होता.

बायकोचा फोन आला की ती विचारायची, कशी दिसते? तो म्हणायचा, छान. झोपलीय. ती पुढचं ऐकायला थांबायची आणि त्याच्याकडे पुढचं काही नसायचं. आज सकाळी सासूबाईंनी त्याच्या हातातला फोन घेऊन खाली ठेवला.

"तिला नुसतं छान सांगू नका. पोटची पोर धड डोळे भरून बघितली नाहीये तिने. तुम्ही बघाल तेवढंच तिला दिसणार आहे."

"मला नाही जमायचं, आई."

"मला तरी कुठे जमणारेय? दोघं मिळून बघू."

म्हणून हे हात धुणं.

आत यंत्रांच्या गराड्यात पोर एवढीशी पडली होती. नळ्या, तारा, पट्ट्या. त्यातून शोधावी तेव्हा ती सापडत होती. सिस्टरने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि छातीवरचं कापड अलगद बाजूला केलं. सासूबाईंची बोटं त्याच्या दंडात रुतली.

आपण तोंड फिरवू, अशी त्याची खात्री होती. तसं काही झालं नाही. उलट तो खाली वाकला.

काचेसारख्या पापुद्र्याखाली ते होतं. तिच्याच मिटलेल्या मुठीएवढं, तांबूस, ओलं, चकचकीत. आवळत होतं, सुटत होतं. सुटतंय तोच पुन्हा आवळत होतं. शेजारी मोठमोठी यंत्रं घरघरत होती, आणि त्यांच्यात हे इवलंसं, न बोलता, खाली मान घालून कामाला लागल्यासारखं. त्याच्या लक्षात आलं की आपला श्वासही त्याच्याबरोबर भराभर चाललाय.

"कधीपासून चालू असतं हे?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"हात-पाय नीट फुटायच्याही आधीपासून," सिस्टर म्हणाली. "आईलाही तेव्हा धड पत्ता नसतो."

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आपण आपलं बोलत राहतो," त्या म्हणाल्या. "काळजाचा तुकडा, काळजाचा तुकडा. मीच कितीदा म्हटलंय. पाहिलं कुणी होतं?"

दोघं बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. शेवटी सिस्टरलाच खाकरावं लागलं.

दुपारी फोन आला तेव्हा त्याने विचारायची वाट पाहिली नाही.

"मी तिचं काळीज पाहिलं," तो म्हणाला.

बायकोने विचारलं, "कसं आहे?"

"घाईत आहे."

ती रडता रडता हसली, आणि त्याने तिला सगळं सांगितलं. रंग सांगितला, आकार सांगितला, ते आवळताना किंचित पीळ घेतं तेही सांगितलं. सांगता सांगता अडला की शेजारून सासूबाई शब्द पुरवत होत्या.

सूज उतरली, छाती शिवली गेली. ताप उतरल्यावर बायको आली. तोवर पोरीच्या घशातली नळीही निघाली होती. नळी निघताच पोरीने तोंड वेडंवाकडं करून भोकाड पसरलं, पण आवाज फुटला नाही. नुसती हवा. घशाच्या नसेला धक्का बसलाय, सर्जनबाई म्हणाल्या. बहुतेकदा आवाज परत येतो, कधी ते मात्र सांगता येत नाही.

घरी आल्यावर म्हणूनच कुणीतरी सतत तिच्याकडे बघत बसायचं. पोर रडतेय हे ऐकून कळत नव्हतं, बघूनच कळत होतं. सासूबाई आठ दिवसांसाठी म्हणून आल्या त्या मुक्कामालाच राहिल्या. बाळाला त्या ठकी म्हणत. छातीवरच्या टाक्यांच्या गुलाबी रेघेला पाणी लागू न देता तिला पुसावं कसं, हे जावयाकडून शिकून घेत.

एका दुपारी दारावर थापा पडल्या. त्याने दार उघडलं. खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर, केस विस्कटलेले, रागाने लाल झालेले.

"अहो, काय चाललंय काय? माणसाने दुपारी घटकाभर डोळा लावायचा की नाही? केवढ्याने रडतंय ते मूल!"

तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"तुम्हाला खाली ऐकू आलं?"

"म्हणजे काय!"

"खिडकी बंद असताना?"

"अहो, कानात बोळे घातले तरी ऐकू येईल!"

आतल्या खोलीत बायको आणि सासूबाई, दोघींपैकी कुणीच बाळाला गप्प करत नव्हतं. काका आणखी काही बोलणार होते, पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे लक्ष गेल्यावर त्यांचा उगारलेला हात हळूहळू खाली आला.

"सॉरी, काका," तो म्हणाला. आणि दार लावायचं सोडून त्याने ते भिंतीला टेकेपर्यंत सताड उघडलं.