हापशात बिघाड नाही

मी धायरीचा हापसा बोलतोय. नादुरुस्त नाही, बरं का! एवढं आधी ऐकून घ्या, मग पुढचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर सरकारी गाडी आली आणि खडक फोडून मला इथं उभं करून गेली. धायरी तेव्हा खेडंच होतं. दांडा दोनदा दाबला की गार पाणी! बायका हंडे-कळश्या घेऊन यायच्या, नंबरावरून भांडायच्या, एकमेकींच्या सासवांचा उद्धार करायच्या. इथली रीत अशी, की बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पडली की पहिली पाणी पुजायला येते आणि भरली कळशी घेऊन घरी जाते. विहिरी बुजल्या, तशी ती पूजा माझ्या वाट्याला आली. लोखंडाला एवढा मान कोण देतं हो?

मग रस्त्यापलीकडे कंपनी आली. थंड पेयांची आणि बाटलीबंद पाण्याची. तिनं माझ्यापेक्षा कितीतरी खोल बोअर मारले. आयत्या बिळावर नागोबा! रात्रंदिवस उपसा चालला. दोन उन्हाळे गेले आणि माझ्या तोंडातून नुसती हवा यायला लागली.

लोकांनी ओरड केली, तेव्हा कंपनीचा साहेब गाडीतून उतरला. म्हणाला, "हापसा जुना झालाय. नादुरुस्त आहे." उचलली जीभ लावली टाळ्याला! हापसे दुरुस्त करणाऱ्या अल्लाबक्षनं त्याच्यादेखत मला उघडलं, वॉशर, सळ्या, सगळं बाहेर काढून दाखवलं. "साहेब, ह्यात काय बी बिघाड नाय. पाणीच खाली गेलंय."

साहेबानं यावर काय करावं? माणसं पाठवून मला कंपनीचा लाल रंग फासला आणि वर लिहिलं, 'पाणी जपून वापरा'. अरे, कुठलं पाणी? चोराच्या उलट्या बोंबा!

आळी गप्प बसली, कारण घरटी एक माणूस कंपनीत कंत्राटी कामाला. आळीतल्या तुळजाबाईचा मुलगा जयसिंग कंपनीच्या फाटकावर वॉचमन होता. कंत्राटदारानं सगळ्यांना बजावलं होतं, घरातून तक्रार गेली तर दुसऱ्या दिवशी कामावर यायचं नाही.

त्याच जयसिंगची बायको श्यामला गेल्या महिन्यात पाणी पुजायला आली. खांद्याशी तान्ही लेक. तिनं मला हळदकुंकू वाहिलं, दांडा दाबला. नुसता खडखडाट! लाज वाटली हो मला. तुळजाबाईला अपशकुन नको होता. ती लगबगीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली घेऊन आली, त्याच कंपनीची, आणि कळशीत ओतायला लागली. माझ्या पोटातलं पाणी माझ्याच पुढ्यात विकत आणलेलं! अंगाची नुसती लाहीलाही झाली माझ्या.

श्यामलानं कळशी ओढून घेतली. "आत्या, पाणी तिकडं गेलंय, तर पूजा बी तिकडंच करते."

"अगं, नवऱ्याची नोकरी जाईल!"

"आन् पोरीला रोज बाटलीनं आंघोळ घालू?"

ती रस्ता ओलांडून थेट फाटकासमोर बसली. आळीतल्या बायका एकेक करून रिकामे हंडे घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसल्या. शेवटी तुळजाबाईसुद्धा गेली.

"जयसिंग, उठव त्यांना!" साहेब आतून ओरडला.

आत कंपनीच्या हिरवळीवर पाइप सोडलेला होता. जयसिंगनं तो उचलला, फाटक उघडलं आणि बायकोची कळशी काठोकाठ भरली.

संध्याकाळी त्याला काढून टाकलं. बायका मात्र अजून रोज तिथं बसतात. जयसिंगही बसतो.

आता कंपनी म्हणते, हा हापसा उपटून टाकू, जागेवर थंड पाण्याचं मशीन देऊ, आमच्या नावाचं. खबरदार! मला भीक नको आणि दुरुस्तीही नको. कीव आली असेल तर माझ्यापाशी थांबू नका, रस्ता ओलांडा आणि त्या बायकांच्या शेजारी बसा. ते बोअर बंद झाले की या, आणि दांडा दाबून बघा.