काउंटरपलीकडचा म्हातारा

यंत्रातल्या त्या म्हाताऱ्याने रुंगनपाचा दोनदा मुडदा पाडला होता. डोळ्यांवर तो जाड चष्मा चढवला की विद्यापीठाची खोली नाहीशी व्हायची आणि भोवती औषधाचं दुकान उभं राहायचं. मग पांढऱ्या केसांचा तो मेला यायचा आणि चिठ्ठीशिवाय खोकल्याचं गुंगीचं औषध मागायचा. रुंग सवयीने हात जोडून मान लववायची, तेवढ्यात सुरा पोटात. यंत्राला जोडलेलं अंगातलं जाकीट असा हिसका द्यायचं की ती कळवळायची.

"अगं, चोराच्या पाया कसली पडतेस!" वर्गातला तीरदेत खिदळला.

"केस पांढरे आहेत रे त्याचे. हात आपोआप जुळतात."

"मागे सर आणि पायाखालचं धोक्याच्या घंटेचं बटण दाब, एवढंच," परीक्षा घेणाऱ्या सुमाली मॅडम म्हणाल्या. "ही शेवटची संधी. नापास झालीस तर यंदा कुठल्याच दुकानात उमेदवारीला पाठवणार नाही."

ते परवडणारं नव्हतं. गावी, हात्याईला, आईचं औषधाचं दुकान वर्षभर बंद होतं. असंच औषध नाकारलं म्हणून एका गिऱ्हाइकाने आईची बोटं शटरखाली चिरडली होती. आता रुंगच परवाना काढून दुकान उघडेल, म्हणून घर डोळे लावून बसलं होतं.

म्हातारा आला. या वेळी तिने मान लववली नाही.

"चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, काका."

"तुझ्या बापाचं आहे काय गं?" त्याने सुरा उपसला.

बटण पायाशीच होतं. रुंगने ते दाबलं नाही. हातातली यंत्राची मूठ तिने त्याच्या तोंडावर हाणली. तो कोसळला तरी ती हाणत राहिली, नाकावर, दातांवर, बोटांवर. कुणीतरी तिचं नाव घेऊन ओरडत होतं. चष्म्यात रक्त दिसत नव्हतं, आणि तिला ते बघायचं होतं.

तीरदेतने चष्मा ओढून काढला. तिला आवरायला पुढे आलेल्या सुमाली मॅडम फरशीवर बसल्या होत्या. ओठ फाटला होता, पांढरा कोट लाल झाला होता.

"फार नाही लागलं," तोंडावर रुमाल दाबत त्या म्हणाल्या. "तुझी चूक नाही, पोरी. घाबरलीस तू. पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ परीक्षा."

"नको मॅडम." रुंगला रडू आवरेना. "मी घाबरले नव्हते. तुमचा आवाज मी ओळखला होता."