ऑफिस ‘नाही’ म्हणालं

टेकडीखालचं ते ऑफिस काय करतं हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बोलत कुणी नाही. शत्रूचे गुप्त संदेश फोडणारी माणसं तिथं बसतात. पण डिसेंबर आला की त्यांनाही खेळ सुचतो. नाताळच्या शुभेच्छापत्रावर कोडी छापून ती साऱ्या देशासाठी खुली करतात. घरोघरी लोक पेन्सिली चावत बसतात, शेवटी ‘घंटा’ किंवा ‘हिमकण’ असलं काहीतरी गोड उत्तर निघतं आणि मंडळी पुन्हा केक खायला मोकळी.

आमचा मुलगा गॅरेथ तिथंच कामाला होता. कोडी रचणाऱ्यांत तोही असायचा. ऑफिसनं परदेशी पाठवलं आणि तिकडेच वारला. अपघात, एवढंच कळवलं. कुठं, कसा, ते नाही. ऑफिस कशालाच हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तिथली रीतच ती. तिकडे थंडी होती का, असं विचारलं तरी समोरची मान हलायची नाही.

तेव्हापासून माझा नवरा ग्लिन दर नाताळचं कोडं घेऊन बसतो. पोराच्या मित्रांनी खरं काय झालं ते त्यात लपवलंय, असं त्याच्या मनानं घेतलंय. उत्तर आलं की लोक थांबतात, हा तिथून सुरू करतो. उरलेली अक्षरं उलटी लावतो, एकाआड एक उचलतो. एवढी अक्षरं हाताशी असली की त्यातून काहीही निघतं. मी एकदा आमच्या दूधवाल्याचं नाव काढून दाखवलं.

“चेष्टा करू नकोस, ग्लेनिस.”

“चेष्टा कसली? दूधवालाही सामील असेल.”

तो हसला नाही. पूर्वी हसला असता. हल्ली उभ्याउभ्या एखादा टोस्ट खायचा, बस. पट्ट्याला नवी भोकं पाडून विजार कशीबशी कमरेवर राहायची.

यंदा तो कागद घेऊन थेट ऑफिसच्या फाटकावर गेला. पहारेकऱ्यांनी चहा पाजून परत धाडला. तेव्हा मात्र मी घाबरले आणि रोवेनाला बेकरीत गाठलं. ती ऑफिसात गॅरेथच्या शेजारच्या टेबलावर काम करायची.

“मला काही बोलता येत नाही, मिसेस पॅरी.”

“काही सांगू नकोस गं. त्या कोड्यात काही नसेल तर त्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हण, एवढंच. तो उपाशी मरतोय.”

“नोकरी जाईल माझी.”

पण रविवारी आली. कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली.

“मिस्टर पॅरी, त्या कोड्यात गॅरेथबद्दल काहीही नाही. ते मीच रचलंय. शपथ घेऊन सांगते.”

ग्लिननं सगळे कागद गोळा करून नीट रचले. सुटलो, असं मला वाटलं. त्यानं तिचे आभार मानले, दारापर्यंत पोचवलं. ती डोळे पुसत गेली.

दार लावून तो वळला. चेहरा नुसता फुललेला.

“ऐकलंस?”

“ऐकलं. नाही म्हणाली ती.”

“अगं, तेच तर! ती माणसं कधी नाही म्हणतात? इतकी वर्षं विचारतोय आपण, एकदा तरी म्हणाली? आणि आज घरी येऊन नाही म्हणतात! म्हणजे मी अगदी जवळ आलोय.”

“ग्लिन, तिला मी बोलावलं होतं.”

“आणि येऊ कुणी दिलं तिला?”

मी काहीही बोलले असते तरी त्यानं तेसुद्धा उलटं लावून पाहिलं असतं.

मग तो हात धुऊन जेवायला बसला. नीट, खुर्ची पुढे ओढून. भाजलेलं मटण सगळं संपवलं. मध्येच काहीतरी गुणगुणला आणि ताट पुढे केलं.

“बटाटे आहेत का गं अजून?”

होते. मी वाढले.