घशातला काफ

नांदेडच्या कचेरीत गुंडेराव चौदा वर्षं उर्दूत खरडत होता, पण पेशकारीच्या बढतीसाठी अर्ज केला की दरवेळी एकच शेरा पडायचा: जबान साफ नाही. निजामाच्या राज्यात मराठी घरात बोलायची. कचेरीत उर्दू, आणि तीही आईच्या दुधातून आलेली हवी. यंदा त्यानं हट्टच धरला. सहा महिने मौलवी करीमोद्दीनांच्या पुढ्यात बसून घशाच्या तळातून येणारं उर्दूतलं ते 'काफ' अक्षर घोटलं. घसा सोलून निघाला, तेव्हा कुठं मौलवी म्हणाले, "अब हुआ."

हैदराबादेहून परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी वाचायला कागद पुढं टाकला. 'कलम' शब्द आला, तसा गुंडेरावाचा काफ विहिरीतून शेंदल्यासारखा वर आला.

साहेब हसले. "खलम बोलो, खलम. तुम मरेठे लोगां कू ये हर्फ जमताइच नईं."

दारातला चपराशी पाशामियाँ, मौलवींचाच जुना शागीर्द, खाली बघत राहिला. हैदराबादेत सगळेच काफाचा 'ख' करतात, हे त्यालाही ठाऊक होतं आणि गुंडेरावालाही. पण साहेबाला सांगणार कोण?

"जी हुजूर," गुंडेराव म्हणाला. "खलम."

साहेबांनी तोच जुना शेरा लिहिला.

घरी बायकोनं, प्रेमलानं, पाण्याचा तांब्या पुढं केला. "औंदा कुठं अडलं म्हणायचं?"

टोपी खुंटीला अडकवत तो म्हणाला, "बरोबर बोललो, तिथंच."