सेवेला गेल्या आणि जेवून आल्या

संत ॲनच्या मातासंघाला पन्नास वर्षं झाली आणि त्याचा इतिहास बिशपांसमोर सांगायचं काम लिओकाडिया नाकिबूकाच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं हे म्हणायचं एवढंच. खरं तर तिनेच मान पुढे केली होती. संघाची अध्यक्ष ती, संघ काढणाऱ्या बाईंची मुलगी ती, आणि एकदा माईक हातात आला की तो काढून घ्यावा लागतो, अशी ख्यातीही तिचीच.

मसाका शहराच्या पलीकडच्या त्या टेकडीवर संघाला कोण ओळखत नव्हतं? कुणी आजारी पडलं, कुणाचा नवरा गेला, की संघाच्या बायका एकसारख्या निळ्या गोमेसी, म्हणजे पायघोळ झगे, घालून, कमरेला रुंद पट्टे आवळून, गाणी म्हणत त्या घरी हजर. सोबत साबण, साखर आणि मीठ. आम्हाला बघूनच अर्धा आजार पळतो, असं लिओकाडिया सगळ्यांना सांगायची. उरलेला अर्धा का पळत नाही, यावर संघाच्या बैठकीत कधी चर्चा झाली नाही.

इतिहास लिहायला बसल्यावर एक गोष्ट तिला खटकली. आईच्या काळात संघात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बायका होत्या. मग एका वर्षी अचानक दाटी झाली. एवढी भक्ती एकदम कुठून आली? तिने केव्हिनाला विचारलं. केव्हिना म्हणजे संघाची उपाध्यक्ष, तिची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि तोंडाची फटकळ.

“कोंबडी,” केव्हिना म्हणाली.

“काय?”

“अगं, आपल्या आया कोंबडी खायच्या का? पाळायच्या, शिजवायच्या आणि पुरुषांपुढे ठेवायच्या. बाईच्या जातीने तोंड लावायचं नाही. मग तेव्हाच्या फादरांनी सांगितलं की देवाने केलेलं काहीच वर्ज्य नाही, खा बायांनो. आणि संघाच्या भेटीला गेलं की कोंबडी ठरलेली. पुढच्या महिन्यात संघात नाव घालायला ही रांग. तूही तेव्हाचीच की.”

लिओकाडियाने आठवून पाहिलं. ती तेव्हाचीच होती. आईच्या पावलावर पाऊल ठेवून आले, असं ती सांगत आली होती, आणि पाऊल ठेवलंही होतं. फक्त ते थेट ताटापाशी जाऊन थांबलं होतं.

त्या रात्री तिला झोप लागेना. घरी आलेला माणूस न जेवता गेला तर घराची अब्रू गेली, हे टेकडीवरचं शेंबडं पोरही जाणतं. म्हणजे साबणाची वडी घेऊन तीस-चाळीस बायका गात गात दारात उभ्या राहिल्या, की खाटेला खिळलेली बाईही आधी कोंबडीचा हिशेब करत असणार. आणि आपण म्हणायचो, बघा, आपल्याला पाहून कशी उठून बसली! उठेल नाही तर काय करेल बिचारी? चूल कोण पेटवणार?

सोहळ्याआधी संघाने एक शेवटची भेट ठरवली होती. रेस्टिटूटा म्हणजे टेकडीवरच्या सगळ्यांची जाजा, आजी. पन्नास वर्षांपूर्वी संघाने पहिली सेवा केली ती तिची. ती गोष्ट लिओकाडियाने इतिहासात अगदी वर घातली होती: नवरा गेल्यावर एकटी पडलेली तरुण विधवा, आणि तिच्या दारात साखर-साबण घेऊन उभी राहिलेली आई. आता जाजा पंच्याऐंशीच्या पुढे, महिनाभर आजारी. भेटीला जायचं आणि बरी असली तर सोहळ्याला आणून बिशपांपुढे दोन शब्द बोलायला लावायचे, असा बेत होता.

लिओकाडिया आदल्या आठवड्यात सांगायला गेली, तर अंगणात एकही कोंबडी नाही. एकच उरली होती. ती खाटेखालच्या टोपलीत अंड्यांवर बसली होती.

“या, या,” जाजा खुशीत म्हणाली. “तीच राहिलीय, पण चांगली भरलीय. होईल तुम्हाला.”

लिओकाडियाने टोपलीकडे पाहिलं. जायचं नाही म्हणावं, तर म्हातारी वाट बघत बसणार. जाऊन खाल्लं नाही, तर तिच्या तोंडावर थुंकल्यासारखं होणार. आणि ती कोंबडी गेली, की पिल्लंही गेली आणि म्हातारीचं अंगणही गेलं. पन्नास वर्षांत निदान एकदा तरी आपण एखाद्या घरातून काही न नेता बाहेर पडावं. नाहीतर बिशपांपुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

मग तिला युक्ती सुचली. भेट शुक्रवारी ठेवायची. टेकडीवरची जुनी माणसं शुक्रवारी मांसाला शिवत नाहीत, आणि जाजा तर उपवासांची पक्की. घेवडा आणि केळ्यांचा मटोके, एवढ्यावर भागेल. शिवाय बायकाही पाचच न्यायच्या. आपल्या हुशारीवर ती इतकी खूश झाली, की घरी जाताना चर्चमध्ये थांबून तिने संत ॲनचे आभार मानले. थोडे स्वतःचेही मानले.

शुक्रवारी पाचजणी गेल्या. दारात गुडघे टेकून नमस्कार झाला, ख्यालीखुशाली झाली, साबण-साखर पुढे ठेवली. जाजा चटईवर उशीला टेकून पडली होती. शेजारीण चुलीपाशी होती. तिने केळीच्या पानांचं गाठोडं आणून मधोमध उघडलं. आत शेंगदाण्याच्या दाट रश्शात शिजवलेला भलामोठा मासा. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा नाही.

लिओकाडियाने खाटेखाली पाहिलं. टोपली रिकामी.

शेजारणीने हळूच सांगितलं, की सकाळी सायकलवरून मासेवाला आला, तेव्हा जाजाने कोंबडी अंड्यांसकट त्याला दिली आणि त्याच्याकडचा सगळ्यात मोठा मासा घेतला. पाहुण्या नेमक्या शुक्रवारी यायच्या म्हणून म्हातारीला दोन दिवस घोर लागला होता. केव्हिनाने लिओकाडियाकडे एकदाच पाहिलं. तेलही गेलं, तूपही गेलं. आणि धुपाटणं हातात घेऊन बसलेली बाई संघाची अध्यक्ष होती.

माशाचं डोकं मानाच्या पाहुणीचं. ते लिओकाडियाच्या पुढ्यात आलं. तिने हात मागे घेतला.

“जाजा,” ती म्हणाली, “आमचं चुकलं. पुढच्या वेळेपासून आम्ही आमचं जेवण घेऊन येऊ. तुम्हालाही आणू. तुम्ही काही करायचं नाही.”

जाजाने ते डोकं परत तिच्यापुढे सरकवलं.

“मी मेले की तसंच करा,” मग ती म्हणाली. “मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा सगळे आपापलं घेऊन येतातच. मी अजून आहे ना?”

“पण जाजा, आई तर तुम्हाला द्यायला आली होती. साखर, साबण—”

“तेव्हा साखर कुठली आलीय? तुझी आई रिकाम्या हाताने आली होती. माझा नवरा जाऊन महिना झाला होता, या घरचं पाणीसुद्धा कुणी घेत नव्हतं. लोक म्हणायचे, हिनेच खाल्लं त्याला. ती आली, या इथे बसली आणि म्हणाली, पोरी, चालून चालून भूक लागलीय, काय आहे घरात? नुसता घेवडा होता. दोनदा मागून घेतला तिने.” तिने डोळे पुसले. “तेव्हा कळलं, की माझं घर अजून घर आहे.”

लिओकाडियाला रडू आवरेना, आणि रडता रडताच तिने माशाचं डोकं उचललं. संघाचा अख्खा इतिहास तिने उलटा लिहून ठेवला होता, चांगल्या अक्षरात. ती खात राहिली. लाजेची गोष्ट म्हणजे मासा फारच चांगला झाला होता.

पान पुसून झाल्यावर तिने ते पुढे केलं.

“जाजा, अजून रस्सा आहे?”

शेजारीण उठायला लागली, तर जाजाने तिला हाताने थांबवलं. महिनाभर अंथरुणातून न उठलेली ती म्हातारी भिंतीला धरून उभी राहिली आणि स्वतः चुलीकडे गेली.