म्हशीचा यू-टर्न

"साहेब, आमच्या म्हशीला यू-टर्न घ्यायला कोण शिकवणार?"

प्रश्न खरं तर माझा नव्हता. गंगासागर आणि वच्छी या माझ्या मैत्रिणींचा होता. "दैवशाला, तू आमच्यातच लई बोलतीस. सायबाला इचारून दाखव, मग मानू," अशी त्यांनी पैज लावली होती. मी विचारलं. दूध सोसायटीच्या पत्र्याच्या शेडात सगळं गाव बसलेलं, टेबलावर रस्ते खात्याच्या साहेबांनी पसरलेला नव्या रस्त्याचा नकाशा, आणि तो वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दुधाच्या किटल्या. मागून हसण्याची पहिली खिंकाळी आली ती वच्छीचीच.

मांजरसुंब्याच्या पुढं आमच्या गावावरून जाणारा रस्ता चौपदरी होणार होता. मधे दुभाजक, दोन्ही कडांना लोखंडी कठडे, आणि ओलांडायचं असेल तर थेट पुढच्या गावाच्या पुलाखालून. गाव रस्त्याच्या अलीकडं, आमची शाळा, डेअरी आणि म्हशी चरायचा माळ पलीकडं. दादा, म्हणजे माझे वडील, नकाशा बघायच्या आधीच म्हणाले होते, "असल्या रस्त्याच्या पल्याड पोरगी धाडायची न्हाई. दहावीला बीडला आत्याकडं राहील." मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

बीडची मला भीती नव्हती. मला हा रस्ता सोडवत नव्हता, एवढंच. दोन्ही बाजूंची कडुलिंबाची झाडं वर एकमेकांत मिसळलेली, त्यामुळं वैशाखातसुद्धा खाली हिरवट अंधार असायचा. सावली संपली की डांबराला चपला चिकटायच्या. आई लग्न होऊन आली तेव्हा एसटीतून इथंच उतरली, आणि गाव कुठाय म्हणून भलत्याच बाजूला चालायला लागली. दादा अजून तिला त्यावरून चिडवतात.

मी तिसरीत असताना मोठा दुष्काळ पडला आणि डेअरीच्या मागच्या माळावर चारा छावणी लागली. संध्याकाळी सगळं गाव भाकरी बांधून, जनावरं हाकत रस्ता ओलांडायचं. दादा मधोमध उभे राहून खांद्यावरचा गमजा वर करायचे आणि दोन्हीकडचे ट्रक शेवटचं वासरू पार होईस्तोवर गुमान थांबायचे. मला वाटायचं, हा रस्ता दादांचाच आहे. पाणी टँकरचं होतं, अंघोळीला तर तेही मिळायचं नाही, तरी ती छावणी आठवली की मला जत्राच आठवते. म्हैस सांभाळायला म्हणून त्या वर्षी आईदादा ऊसतोडीला गेले नाहीत. पूर्ण हिवाळा घरात होते. त्यामुळंही असेल.

तर, साहेब हसले नाहीत. म्हणाले, "या पट्ट्यात खालून जायला एक बोगदा बसवता येईल. जागा गावानं सांगायची. तुझी म्हैस कुठून जाते?"

मी उठले तोवर सोसायटीचे चेअरमन आप्पाराव बोलले. त्यांचा ढाबा पुढं फाट्यावर आहे. "बोगदा फाट्यावर द्या साहेब. आन् तू बस गं खाली. सभासद तुझा बाप हाय."

आता आमच्या सोसायटीत एक नियम आहे, कुठं लिहिलेला नाही. दूध घालील तो बोलंल. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊस तोडायला जातं, दूध घालतात मागं राहिलेले, जास्ती करून बायका, मग सभेत बोलायचं तरी कुणी? म्हणून हा नियम. यंदा आईदादा कारखान्यावर होते. मी शेजारच्या छबुकाकूपाशी राहिले आणि रोज सकाळी दूध घातलं.

मी दादांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते.

"चेअरमन काका," मी म्हणाले, "दिवाळीपासून आमचं दूध कोण घालतंय?"

दुधाची फॅट बघणारे सुंदरराव म्हणाले, "हीच घालती. बोलू द्या."

"त्यो नेम बायकांसाठी हाय. लेकरांसाठी न्हाई," आप्पाराव म्हणाले.

छबुकाकूनं पदर सावरला. "कावून रं आप्पा? लेकराच्या हातच्या दुधाला फॅट कमी लागती का?"

शेड हसलं. मी नकाशावर बोट ठेवलं, शाळेच्या वाटेवर.

"इथून म्हशी जातात आणि इथूनच आम्ही शाळेत जातो. बोगदा फाट्यावर गेला तर म्हैस जाईल फिरून. तिला हाकणारं कुणीतरी असतंय. पोरींना मात्र कुणी एवढं फिरवून आणणार नाही. घरी बसवतील."

आता वच्छीसुद्धा हसत नव्हती. तिची थोरली बहीण आठवीतच घरी बसली होती.

साहेबांनी विचारलं, "जागा इथं, कुणाकुणाला मान्य?" आधी बायकांचे हात वर गेले, मग सुंदररावांचा, मग हळूहळू गड्यांचे. दादांचाही गेला. आप्पारावांनी सगळ्यात शेवटी केला. "बद्री, हिला चेअरमन कर आन् मला ढाब्यावर बसू दे," असं दादांना म्हणाले, पण केला. साहेबांनी पेन्सिलीनं गोल काढला. "खात्री देत नाही. पण वर हेच पाठवतो."

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. दादा चुलीपुढं बसले. "चांगली बोललीस," एवढं म्हणून त्यांनी चुलीत लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "पर बोगदा व्हईस्तोवर लई दिस जातेल. काम चालू झालं की धुळीत डंपर दिसत न्हाईत. आता गमजा दाखवून थांबायचे ट्रक न्हाईत ते. आत्याला मी फोन केलाय."

आईनं भाकरी उलटली. माझ्याकडं बघितलं.

मी किटली घासून पालथी घातली आणि दोघांच्या समोर जाऊन बसले.

"दादा, आई, मी बीडला जाणार न्हाई. काम चालू असंल तोवर आम्ही सगळ्या पोरी मिळून एकदमच रस्ता ओलांडू, मोठं माणूस संगं घेऊन. छबुकाकूला मी इचारलंय, ती रोज संगं यायला हो म्हणलीय. दहावी मी इथूनच देणार."